टेलरची बंद झालेली सॉलिडबॉडी: मराठवाड्यात जुनी घ्यायची असेल तर

टेलर म्हटलं की अकूस्टिक गिटारच आठवते. पण या कंपनीने 2008 मध्ये सॉलिडबॉडी नावाची पूर्ण इलेक्ट्रिक मालिका काढली आणि दहा वर्षं व्हायच्या आत बंदही केली. मार्टिन या दुसऱ्या अकूस्टिक गिटार कंपनीचंही तसंच झालं होतं. 1979 ची त्यांची ई-18 ही इलेक्ट्रिक गिटार फार काळ टिकली नाही. टेलरची गिटार मात्र अजूनही वाजवण्याजोगी आहे आणि अधूनमधून जुन्या बाजारात दिसते.

सॉलिडबॉडी आणि टी5 यांत गल्लत करू नका. टी5 ही टेलरचीच दुसरी गिटार, पण ती पोकळ असते आणि तिला बॅटरी लागते. सॉलिडबॉडीला बॅटरी लागत नाही. जाहिरातीत नुसतं ‘टेलर इलेक्ट्रिक’ लिहिलं असेल तर मागच्या बाजूचे फोटो मागवा. सिरीयल नंबरावरून गिटार कधी बनली ती तारीखही काढता येते. नोव्हेंबर 2009 पर्यंतचा नंबर 11 आकडी असून त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. त्यानंतरचा नंबर 10 आकडी असतो, त्यात दुसरा आणि सातवा आकडा मिळून वर्ष होतं.

या गिटारचं खरं बळ नेकमध्ये, म्हणजे मानेत आहे. नेक एकाच बोल्टवर बसतो आणि जोड घट्ट राहतो. स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, 24.875 इंच; फेंडरच्या स्ट्रॅटपेक्षा आखूड आणि गिब्सनच्या लेस पॉलच्या जवळचं. त्यामुळे 10-46 जाडीच्या तारा हाताला मऊ लागतात आणि लांबलेल्या ऑर्केस्ट्रात बोटं कमी थकतात. पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारी चुंबकं, टेलरचे स्वतःचे आहेत. पाच-स्थानी स्विचच्या दोन टोकांना पूर्ण हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि मध्ये कॉइलच्या जोड्या मिळतात. भीमगीतं किंवा लावणीतल्या स्वच्छ कॉर्डसाठी मधल्या जागा उत्तम, स्वर सुटे ऐकू येतात. जाड, दाट डिस्टॉर्शन हवं असेल तर छोट्या हंबकरची जोडी कमी पडते. मेटल वाजवणाऱ्यांनी मोठे हंबकर असलेलीच शोधावी.

क्लासिक मॉडेलवर पिकगार्डसकट (समोरच्या पातळ पत्र्यासकट) पिकअप बदलता येत, तेही सोल्डरिंगशिवाय. कल्पना सुंदर होती, पण ते पिकगार्ड आता सहज मिळत नाहीत. म्हणून घेताना पाचही जागांवर आवाज तपासा. एखादी जागा मुकी असेल तर आधी आतला प्लग नीट बसलाय का बघा, मग स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. अॅल्युमिनियमचा ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) हा सगळ्यात नाजूक प्रश्न. तो टेलरचा स्वतःचा असल्यामुळे बाजारातला साधा ब्रिज त्याच्या जागी बसत नाही. स्क्रू गंजलेला किंवा सॅडल (तारेखालचा छोटा आधार) हरवलेलं असेल तर गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

आता आपल्या हवेबद्दल. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. लातूर, परभणी, बीडकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती त्याच्या निम्म्याहूनही खाली जाते आणि नेमके तेव्हाच 14 एप्रिलचे कार्यक्रम असतात. फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची फळी) आकसतो, फ्रेटची (तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात, आणि श्रावणापर्यंत नेकचा बाक पुन्हा हलतो. कोआ टॉपची, आतून पोकळ कप्पे असलेली कस्टम मॉडेलची गिटार दिसायला देखणी, पण या हवेत तिची जास्त काळजी घ्यावी लागते. आमची पसंती भरीव स्वॅम्प अॅशच्या क्लासिकलाच. केसमध्ये आर्द्रतेची पुडी ठेवा, गिटार गाडीच्या डिकीत ठेवू नका.

नेकचा बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार सतराव्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटशी फट बघा. 0.2 ते 0.25 मिमी पुरे. त्यासाठी लागणारा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक बदलणारी आतली सळई, एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा, मग तारा सुरात लावून पुन्हा मोजा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेखाली साधारण 1.7 आणि बारीक तारेखाली 1.4 मिमी ठेवा. आधी बाक, मग उंची, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते). हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

मंडपात आवाज घुमत असेल आणि तारांना हात लावताच कमी होत असेल तर लगेच गिटारला दोष देऊ नका, आधी अर्थिंग तपासा. एक्स्टेंशन बोर्डची तिसरी पिन बहुतेक ठिकाणी नुसती नावाला असते. माइकला ओठ लागला आणि झटका बसला तर वाजवणं तिथेच थांबवा आणि जनरेटरवाल्याला बोलावून अर्थ जोडून घ्या.