सोनेतारण कर्जाचे सात महिने आणि पोतीतले पाच ग्रॅम

२०२६ च्या संक्रांतीला माझ्या गळ्यात माझी पोत, म्हणजे मंगळसूत्र, नव्हती. कर्ज फिटलं होतं, तरी नव्हती. १२ जानेवारीला सोमवारी मुद्दल २,४०,००० आणि व्याज १३,१९८ रुपये भरून पावती हातात घेतली, आणि बँकेच्या काउंटरवरून उत्तर आलं, "ताई, दागिने शुक्रवारी या न्यायला. तिजोरीला दोन चाव्या लागतात, एक साहेबांकडे, आणि साहेब रजेवर." बुधवारी संक्रांत. सासूबाई दारातच म्हणाल्या, "पोत नही गयामा (गळ्यात), हळदीकुंकूले कशी जाशी व?" साध्या दोऱ्यात काळे मणी ओवून घातले आणि गेले.

सोनेतारण, म्हणजे दागिने ठेवून घेतलेलं कर्ज, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव बँकेच्या बाकावर बसलेलं असतं. आमची चोपडा तालुक्यात चार एकर बागायती आहे. सोसायटीचं पीककर्ज घेतलेलं होतं, पण ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या, बियाणं-खत होतं आणि मुलाची पॉलिटेक्निकची फी होती. ९ जून २०२५ ला सरकारी बँकेत गेलो. व्याज ९.२५ टक्के, मुदत बारा महिने, मधे हप्ता नाही. बाजारातली एक फायनान्स कंपनी ग्रॅममागे जास्त पैसे देत होती, पण महिन्याला दीड टक्का. माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे वहीवर हिशेब केला. तेवढ्याच २१७ दिवसांना तिकडे २५,६८३ रुपये व्याज झालं असतं. बँकेत अर्धा दिवस बसावं लागलं, सराफाची तपासणी फी वेगळी लागली, तरी साडेबारा हजार वाचले. दराबाबत माझी काहीच तक्रार नाही.

माझी तक्रार होती ती वजनाची.

बँकेचा सराफ कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. काचेच्या पेटीतला काटा, शेजारी कसोटीचा काळा दगड, अॅसिडची बाटली. वाऱ्याने आकडा हलतो म्हणून त्याने आधी पंखा बंद केला. पाटल्या ठेवल्या, ३०.१५० ग्रॅम. दगडावर घासून रेघ ओढली, थेंब टाकला, रेघ टिकली. पाटल्यांचं वजन जसंच्या तसं लिहिलं. मग पोत. काट्यावर २४.८०० ग्रॅम. त्याने ती बोटांवर फिरवली, वाट्या नखाने वाजवून पाहिल्या आणि निव्वळ वजनाच्या रकान्यात १९.४०० लिहिलं.

"दादा, पाच ग्रॅम कुठे गेले?"

"काळे मणी, दोरा, वाटीतली लाख."

"मोजले का तुम्ही?"

"पोत तोडल्याशिवाय कसे मोजणार ताई? अंदाज असतो."

हा अंदाज मला सात महिने टोचत राहिला. ५.४ ग्रॅम! बँकेने त्या दिवशी २२ कॅरेटला ग्रॅममागे ८,८०० चा भाव धरला होता, म्हणजे ४७,५२० रुपयांचं सोनं एका माणसाने नुसतं बोटांवर फिरवून उडवलं, असंच मला वाटलं. खरं सांगायचं तर कर्जाला त्याने काहीच फरक पडला नाही. निव्वळ वजनाच्या किमतीवर पंच्याहत्तर टक्क्यांनी ३,२७,००० पर्यंत मिळत होते आणि आम्ही २,४०,००० च घेतले. पण वडिलांनी २००९ साली केळीच्या पैशातून लग्नात घातलेली पोत आहे ती. पाटल्यांवर १,९९,००० पर्यंतच मिळत होते, एक्केचाळीस हजार कमी पडले म्हणून तिला बँकेत जावं लागलं. घरी आल्यावर पावती चारदा वाचली. निव्वळ वजन होतं, पण किती मण्यांचं, किती लाखेचं, काही लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या वहिनींना, नणंदेला, ज्याला त्याला मी हेच सांगत होते की बँकेचा सराफ वजन खातो.

कर्ज म्हणून मात्र हे प्रकरण माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं, आणि ते कळलं नोव्हेंबरात. कापूस घरात आला होता. बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क सरकारने डिसेंबरअखेरपर्यंत काढलेलं, त्यामुळे गावात येऊन माल घेणारे खेडा खरेदीवाले क्विंटलला ६,८०० च्या वर हलत नव्हते. लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११०. एरवी दारात सावकाराचा किंवा दुकानदाराचा माणूस उभा असतो आणि भाव पडलेला असतानाच माल काढावा लागतो. यंदा कोणी उभं नव्हतं. बँकेची मुदत जूनपर्यंत होती. हमीभावाने विकायला कपास किसान ॲपवर नोंदणी केली, पाळी यायला महिना लागला, कापूस आतल्या खोलीत उलटापालटा करून वाळवत ठेवला. डिसेंबरअखेर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा ९ टक्के निघाला, एक टक्क्याची कपात होऊन ८,०२९ चा भाव मिळाला. २८ क्विंटलला व्यापाऱ्यापेक्षा चौतीस हजार जास्त. त्या थांबण्याचं व्याज पडलं सव्वातीन हजार. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात आली, घरातली थोडी शिल्लक घातली आणि सोमवारी बँक गाठली.

आणि तिथे चावी नाही.

मी व्यवस्थापकांना विचारलं, रजेवर जाणारा माणूस चावी दुसऱ्याला देऊन जात नाही का? ते म्हणाले, पद्धत तीच आहे, यावेळी झालं नाही. लेखी तक्रार दिली, पोच घेतली. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, १४४४८ हा नंबरही आहे, पण आधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात, आणि संक्रांत दोन दिवसांवर होती. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोने-चांदी तारणाचे नवे नियम काढले. ते लागू करायला सगळ्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यात पैसे फेडल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिने परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. चांगला नियम आहे, पण मला तो लागू असता तरी चार दिवसांच्या उशिराला एक रुपया मिळाला नसता. बाईचं मंगळसूत्र तारण असेल तर पैसे भरायच्या आधी दोन दिवस फोन करून दोन्ही चावीवाले हजर आहेत का विचारा. हे मी आता प्रत्येकीला सांगते.

शुक्रवारी पाकीट माझ्यासमोर फोडलं, सील आणि माझी सही जशीच्या तशी. मी वजन करायला लावलं. २४.८००. एक मिलिग्रॅमचा फरक नाही. तेवढ्यासाठी बँकेला मान.

पोतीच्या दोन्ही वाट्या चेपलेल्या होत्या, त्या आधीपासूनच तशा. म्हटलं, आता ओवूनही घेऊ आणि वाट्याही सरळ करू. गावातल्या ओळखीच्या सराफाकडे बसले. त्याने पोत उसवली, वाट्या तापवून जुनी लाख काढली, आणि माझ्या हट्टापायी एकेक जिन्नस काट्यावर ठेवला. काळे मणी ३.६ ग्रॅम, दोरा ०.२, लाख १.३. एकूण ५.१.

म्हणजे बँकेच्या सराफाचा अंदाज फक्त ०.३ ग्रॅमने चुकला होता, तोही न तोडता. सात महिने मी त्या माणसाला जे बोलले ते चूक होतं. नणंदेला फोन करून तसं सांगितलं.

पण मग सोनं खरं किती? १९.७ ग्रॅम. आईकडून जुनी पावती मागवली. वडील प्रत्येक कागद जपायचे, ट्रंकेत सापडली. २००९ च्या त्या बिलात सोन्याचं वजन लिहिलंय २२.६०० ग्रॅम. २.९ ग्रॅम लाख आणि मणी माझ्या वडिलांना सोन्याच्या भावाने विकले गेले. तेव्हाचे चार हजारांच्या वर, जानेवारी २०२६ च्या भावाने सदतीस हजार. ज्याने निव्वळ वजन नीट लिहिलं त्याच्यावर मी चिडले, आणि ज्याने लिहिलं नाही त्याच्या दुकानात आम्ही पुढे दोन लग्नांचे दागिने केले.

त्या नव्या नियमांतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. सोन्याची तपासणी कर्जदारासमोर करायची आणि दाखल्यावर एकूण वजन, निव्वळ वजन, खडे-लाख-दोरा यांची कपात आणि दागिन्याचा फोटो हे सगळं द्यायचं. तो दाखला मागा. पोत असेल तर कपात कशाची किती ते लिहून घ्या. आणि दागिना विकत घेताना दुकानदाराकडूनही हेच बिलावर लिहून घ्या, तिथे तर आपण पैसे देत असतो.

व्याजाला, मुदतीला आणि पाकिटाच्या राखणीला माझ्याकडून पूर्ण गुण. चावीला शून्य. पुढे कधी लागलंच तर पुन्हा त्याच बँकेत जाईन, त्याच सराफाच्या टेबलावर. पण पाटल्या घेऊन. जानेवारी २०२६ च्या भावाला त्या एकट्याच दोन लाख चाळीस हजारांना पुरून उरत होत्या.