जुन्या मेटल डिटेक्टरला मोठी कॉइल : खरीप ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. डिटेक्टर घेतला तो कुटारासाठी, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या चाऱ्यातला धातू शोधायला. गुप्तधनाच्या नादी लागणाऱ्यांनी १८७८ चा निखात निधी कायदा आधी वाचावा; दहा रुपयांवरचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. आमची काळजी वेगळी. ढोर चारा नीट न चावता गिळतं. त्यातला तारेचा तुकडा जाळीदार पोटात अडकतो, आणि छातीच्या पडद्यापलीकडे लगेच हृदय. आमची एक दुभती गाय अशीच गेली.

यंत्र जुनं, बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) प्रकारचं. त्यात दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची ठरावीक कंपनं तयार करणारी सर्किटं असतात: एक डब्यात स्थिर, दुसऱ्याची कॉइल (तारेचं वेटोळं) आपण फिरवायची. दोघांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक कानाला सूर म्हणून ऐकू येतो आणि धातू आला की तो सूर बदलतो. मूळ कॉइल २० सेंटीमीटरची. पसरलेल्या कुटारात चार बोटांखालचा खिळा ती बरोबर धरायची. वखरताना तुटून पडलेले नटबोल्ट, फणाचे तुकडेही खोलवरून मिळावेत म्हणून भाच्यानं आणि मी ४० सेंटीमीटरची कॉइल गुंडाळली.

वेढे तेवढेच ठेवले, तर आवाजच गायब. व्यास दुप्पट झाला की कॉइलचा इंडक्टन्स दुपटीहून जास्त वाढतो, आणि तो वाढला की फ्रिक्वेन्सी उतरते. १०० किलोहर्ट्झचा ऑसिलेटर ७० च्याही खाली उतरतो. मग फरक कानाच्या टप्प्याबाहेर जातो, बटण कितीही फिरवा. एकेक वेढा सोडत गेलो तेव्हा सूर परत आला. वरून ॲल्युमिनियम फॉइलचं कवच दिलं; त्यात बोटभर फट ठेवावीच लागते, नाहीतर फॉइलचीच बंद कडी होते आणि कॉइलचा जोर तीच खाते.

एवढं करूनही कॉइल कामाची ठरली नाही. जमिनीत पुरलेली जुनी पहार तिनं खोलवरून दाखवली, हे खरं. पण खिळा, तार, छोटा नट वरवर असूनही सुटत होते, कारण मोठ्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र पसरट होतं आणि बारीक वस्तूच्या वाट्याला फार थोडं येतं. आणि आम्हाला तर बारीकच हवं होतं. शेतात त्याहून वाईट. काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण. ढेकळावरून कॉइल दोन बोटं खालीवर झाली की सूर हलायचा. पावसानंतर ओली खारी माती वीजवाहक होते, मग तर विचारूच नका. शेजारच्या काकांनी पाहून सांगितलं, "भाऊ, हे त नुसत्या मातीवरच ओरडून रायलं." एप्रिलच्या उन्हात तार सैल पडली आणि सूर आपोआप सरकू लागला. इपॉक्सी ओतून तेवढं थांबलं, बाकी काही सुधारलं नाही.

आता मूळ कॉइल परत बसवली आहे. कुटार ताडपत्रीवर पातळ पसरायचं, कॉइल त्याच्या अगदी जवळून हळू फिरवायची, सूर बदलला तिथला घास हातानं चाळायचा. या कामाला जुनं यंत्र आजही चोख आहे. कोणी असं जुनं यंत्र घेणार असेल तर कॉइल मूळचीच आहे का ते बघा, आणि पैसे देण्याआधी एक खिळा कुटारात टाकून विकणाऱ्यासमोरच शोधा.