मातीचा टँक की गॅसचा? गोव्यातल्या घरात झाडांचं अ‍ॅक्वेरियम लावण्यापूर्वी

फोंड्यातल्या आमच्या हॉलमध्ये एकाच भिंतीला दोन टँक आहेत. दोन्ही दोन फुटी: लांबी २४ इंच, रुंदी-उंची बारा-बारा. काठोकाठ भरले तर ५६ लिटर; माती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसेक लिटर पाणी मावतं. एकाच्या तळाला परसातली माती, तिच्यावर बारीक रेव, आणि बाकी फारसं काही नाही. दुसऱ्याच्या तळाला विकतची अ‍ॅक्वा सॉइल (पाण्यातल्या झाडांसाठी तयार केलेले खतयुक्त मातीचे दाणे), डोक्यावर प्रखर एलईडी आणि खालच्या कपाटात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. हौशी मंडळी पहिल्याला लो-टेक म्हणतात, दुसऱ्याला हाय-टेक. घरात आम्ही मातीचा आणि गॅसचा म्हणतो.

पाहुणे हमखास गॅसच्या टँकसमोर थबकतात. लालभडक रोटाला, तळाला हिरवा गालिचा, दुपारनंतर पानापानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे. ‘आम्हांलाही असाच हवा’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, ‘चवथीला तुमचं घर किती दिवस बंद असतं?’

प्रश्न उगाच नाही. गणेश चतुर्थीला पणजी-पर्वरीच्या फ्लॅटला कुलूप लावून दीड, पाच, सात दिवस मूळ घरी जाणारी आपली माणसं. मातीचा टँक तेवढे दिवस एकटा राहतो. गॅसचाही राहतो, पण परत आल्यावर पुढचा महिनाभर सूड उगवतो.

वेगाचा फरक

हवेच्या संपर्कात नुसत्या उभ्या असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. गॅस सोडणारे तो २० ते ३० मिलिग्रॅमवर नेतात. म्हणून झाडं काही चाळीस पट वाढत नाहीत, पण इतकी वाढतात की नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश, लोह यांतलं एक जरी कमी पडलं तरी वाढ अडते आणि मोकळ्या पडलेल्या उजेडावर शेवाळ ताव मारतं. म्हणून खतं मोजून घालायची, आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं, दहा-बारा दिवसांनी कात्री चालवायची. आणि गॅस दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू, दिवा मालवण्याआधी बंद. रात्री झाडं स्वतःच गॅस सोडतात. त्यात आपली भर नको.

मातीच्या टँकमध्ये मातीतलं सेंद्रिय, माशांची विष्ठा, उरलंसुरलं खाणं कुजतं आणि त्यातून थोडा थोडा गॅस मिळत राहतो. खतही माशांच्या खाण्यातूनच. ही पद्धत अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते: दिवा सलग लावायचा नाही, दुपारी चार तास बंद ठेवायचा. सकाळच्या पाळीत झाडांनी संपवलेला गॅस तेवढ्या वेळात पाण्यात पुन्हा साठतो. या विश्रांतीला तिकडे सिएस्टाच म्हणतात. एक वाजता शटर ओढून चारला उघडणाऱ्या गोव्याला हे वेगळं समजावायला नको. माझा टायमर सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ४ ते ८.

थोडक्यात, मातीच्या टँकमधली चूक कळायला पंधरा दिवस लागतात आणि ती सुधारायलाही तेवढे मिळतात. गॅसच्या टँकमधली चूक एका दुपारीत निकाल लावते.

वीज

ती दुपार आमच्याकडे जूनमध्ये आली. पहिला मोठा पाऊस, कुठेतरी माड तारांवर पडला आणि वीज गेली ती संध्याकाळपर्यंत. एरवी हे चालून गेलं असतं, कारण गॅस अडवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप मिटतो. पण मी शहाणपणा केला होता. दिवा आणि सोलेनॉइड इन्व्हर्टरच्या बोर्डावर, फिल्टर मात्र जवळच्या साध्या सॉकेटवर, कारण त्याची वायर आखूड होती. फिल्टर थांबला, पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबला, आणि गॅस सुरूच. मी शाळेतून येईपर्यंत ११ रास्बोरा मासे गेले होते. पाण्यातला गॅस रंगावरून दाखवणारा ड्रॉप चेकर पिवळाधमक, म्हणजे गॅस फार झालेला.

शेजारच्या मातीच्या टँकचा फिल्टरही तेवढाच वेळ बंद होता. तिथल्या गप्पींना पत्ताही नव्हता.

तेव्हा गॅस लावणारच असाल तर इन्व्हर्टरवर पहिला हक्क फिल्टरचा. तो पाच-दहा वॅट खातो, बॅटरीला जाणवतही नाही. दिवा आणि सोलेनॉइड साध्या लाइनवर राहू देत. वीज गेली तर दोन्ही एकदम बंद पडलेले बरे. दिवसभर दिवा नाही म्हणून झाड मरत नाही. वाड्यावरच्या घरात जिथे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते आणि इन्व्हर्टरही नाही, तिथे गॅसचा विचार मी सोडूनच देईन.

मे महिना

गरम पाण्यात वायू कमी विरघळतात. २५ अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५. त्याच वेळी मासे, झाडं, जिवाणू सगळ्यांचीच भूक वाढलेली. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये पंख्याखालीसुद्धा टँक ३१ दाखवतो. बाष्पीभवनाने पाणी गार व्हावं म्हणून काठावर लावतात तो छोटा पंखा कोरड्या हवेत छान चालतो. आपल्या दमट हवेत जेमतेम एक-दोन अंश उतरतात. चिलर हा खरा उपाय, पण त्याची किंमत आणि आवाज दोन्ही हॉलला झेपत नाहीत.

सिलिंडरचीही एक गंमत आहे. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, मग दाब कितीही असो. एरवीही रेग्युलेटरचा काटा आत किती उरलाय हे सांगत नाही. द्रव संपेपर्यंत एकाच जागी असतो आणि मग भराभर उतरतो. उन्हाळ्यात तर तो तापमानाबरोबर नाचतो. सिलिंडर उभा ठेवा, सावलीत ठेवा, आणि भरून आणताना उन्हात तापलेल्या गाडीत सोडून बाजारात जाऊ नका.

स्वस्तातला मार्ग म्हणून साखर-यीस्टची बाटली सुचवणारे भेटतील. माडाची सूर आंबताना फेसाळते ती याच वायूने. पण आपल्या उकाड्यात ती बाटली पहिले चार दिवस उधळते, मग मंदावते, आणि रात्री बंद करायची सोय नाही. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणारं औषध बहुधा ग्लुटरल्डिहाइड असतं. त्याने शेवाळ मरतं खरं, पण व्हॅलिस्नेरियासारखं झाडही विरघळतं. मी दोन्ही करून सोडून दिलं.

पाणी आणि माती

इथे गोवा मातीच्या टँकच्या बाजूने उभा आहे. फोंडा-तिसवाडीला ओपाचं पाणी, बार्देशला अस्नोड्याचं, दक्षिणेला साळावलीचं. सगळं नदीचं, म्हणजे मऊ. क्लोरीन तेवढं काढायचं: पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून, नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब टाकून. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी तर बऱ्याचदा इतकं मऊ की केएच (पाण्याचा कार्बोनेट जडपणा) एखाद्या अंशाच्या वर जात नाही. मातीच्या टँकला याचा फारसा त्रास होत नाही. गॅसला होतो: केएच ४ असताना ३० मिलिग्रॅम गॅस सोडला तर पीएच साधारण ६.६ ला थांबतो, केएच १ असेल तर ६ वर येतो. त्याखाली अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सुस्तावतात. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी मात्र खारट असू शकतं. ते दोन्हींना नको.

मातीबद्दल सांगायचं तर परदेशात लोक लोहासाठी लॅटराइटची पूड पाकिटातून विकत घेऊन तळाला मिसळत आले आहेत. लॅटराइट म्हणजे आपला जांभा, ज्याचे चिरे रचून घरं बांधली! अर्थात नुसती तांबडी माती घातलीत तर पाणी आठवडाभर कोऱ्या चहासारखं दिसेल. मी कुळागरातली (माड-पोफळीच्या बागेतली), वर्षानुवर्षं झावळ्या कुजून काळपट झालेली माती घेतली. खत न घातलेली. चाळली, तीनदा भिजवून वाळवली, त्यात मूठभर जांभ्याची भुकटी. खाणपट्ट्यातली माती घेऊ नका, तिच्यात आणखी काय काय आहे सांगता येत नाही.

मातीचा थर इंचभर, वर रेवेचा इंचभर. पहिल्यांदा मी उत्साहात दोन इंच माती घातली. महिन्याभरात झाड उपटायला गेले तर तळातून सडक्या अंड्याचा वास. हायड्रोजन सल्फाइड. सगळा टँक परत उपसावा लागला. मातीच्या टँकचा हाच मोठा तोटा: एकदा लावला की मांडणी बदलता येत नाही. मुळं धरलेली क्रिप्टोकोरिनी ओढलीत की चिखलाचा ढग.

मासे दोन्हींत लगेच नकोत. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे धरा, आणि टेस्ट किट घ्या. अ‍ॅक्वा सॉइलही सुरुवातीला अमोनिया सोडते, म्हणून पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज पाणी बदलावं लागतं.

आणि मिरामारहून आणलेले शिंपले, समुद्राची वाळू दोन्हींत घालू नका. पोरं ऐकत नाहीत, म्हणून प्रयोग करून दाखवा: वाळूवर माडाच्या व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले की चुना आहे, तो हळूहळू विरघळून पाणी जड करणार.

झाडं कुठली हवीत

निर्णय खरं तर इथे व्हायला हवा. क्रिप्टोकोरिनी, व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, अनुबियास, जावा फर्न, पाण्यावर तरंगणारी सिरॅटॉप्टेरिस हवी असतील तर गॅस नको. यांतली बरीचशी आपल्या उन्हाळ्यालाही पुरून उरतात. आशियाभर भातखाचरांत तण म्हणून उगवणारी रोटाला रोटुंडिफोलियासुद्धा मातीत छान येते. फार तर गुलाबी होणार नाही. पण तळाला बारीक पानांचा गालिचा हवा, किंवा रोटाला माक्रांड्राचा लाल रंग हवा, तर गॅसशिवाय नाद करू नका. गंमत म्हणजे माक्रांड्रा मूळची आपल्या दक्षिण भारतातली, पण लाड परदेशी पाहुणीसारखे.

मातीच्या टँकमध्ये पहिल्याच दिवशी गच्च झाडं लावा. चार काड्या लावून वाट पाहिलीत तर शेवाळ वाट पाहत नाही.

माशांत निऑन टेट्राचा मोह दोन्हींत टाळा, तो थंड पाण्याचा जीव. कापलेल्या फांद्या आणि वाढलेले गप्पी ओहोळात सोडू नका. फांद्या कंपोस्टमध्ये, गप्पी शेजाऱ्यांना.

पैसा आणि हात

मातीचा टँक काच, दिवा, फिल्टरसह माझा सहा हजारांच्या आत झाला. गॅसचा चौपटीच्या पुढे गेला, त्यात सिलिंडर आणि रेग्युलेटर निम्म्याला. विजेचा फरक किरकोळ: एक महिन्याला सहाएक युनिट खातो, दुसरा दहा-अकरा. खरा फरक हातांचा. मातीच्या टँकला मी महिन्यातून एकदा बादलीभर पाणी बदलते आणि एरवी आटलेलं भरते. गॅसच्या टँकला दर रविवारची सकाळ जाते. ज्याला ती सकाळ हवीशी वाटते, त्याच्यासाठी तो टँक आहे. मला वाटते, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जूनमधल्या त्या दुपारीनंतर आता मार्चमध्येच गालिचा काढते, गॅस हळूहळू कमी करत बंद करते, दिवा निम्म्यावर आणते आणि क्रिप्टोकोरिनीच्या कुंड्या आत ठेवते. जाणकार याला नावं ठेवतात. मागच्या चवथीला मात्र पाच दिवस सावईवेऱ्याला राहून परत आले तेव्हा दोन्ही टँक सारखेच दिसत होते.

मावसभावाने पर्वरीत नवा फ्लॅट घेतलाय, त्याच्यासाठी हे सगळं सांगत बसले होते. इन्व्हर्टर आहे, पैसे आहेत, रविवार मात्र सगळे ड्यूटीचे. मी मातीचा सुचवला. त्याने मावशीकडे पाहिलं, कारण दिवसभर घरी तीच असते. ती म्हणाली, ‘झाडं बाल्कनीत आहेत ती पुरेत. यात मासे किती मावतील तेवढं सांग.’