खाऱ्या वाळूत आठ महिने: माझा मेटल डिटेक्टर आणि काळी पडलेली चांदी

मेटल डिटेक्टर घेऊन आठ महिने झाले. मशीन मध्यम दर्जाचं, सिंगल फ्रीक्वेन्सीचं, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं. कॉइल, म्हणजे वाळूवर फिरवायची चकती, वॉटरप्रूफ आहे, डिस्प्लेचा डबा तसा नाही. खोक्यावर 'बीचसाठी उत्तम' असं छापलं होतं. ते अर्धंच खरं निघालं.

कोरड्या वाळूत काही तक्रार नाही. वीतभर खाली नाणं असलं तरी आवाज स्वच्छ येतो. ओहोटीला ओल्या वाळूत शिरलं, की मात्र मशीन किंचाळायला लागतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे बिचाऱ्याला अख्खा किनाराच धातूचा वाटतो. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा आवाज वगळायची सेटिंग) ओल्या वाळूवरच नव्याने केला, कॉइल एका उंचीवर धरून सावकाश फिरवायला शिकलो, तेव्हा कुठे कलकलाट थांबला. खोलवरचं ऐकू येणंही कमी झालं, अर्थात.

एक चूक चार महिने केली. धातूनुसार स्क्रीनवर वेगवेगळा आकडा दिसतो. खाऱ्या वाळूचा खोटा आवाज स्क्रीनवर खालच्या आकड्यांत येतो, म्हणून ते आकडे मी सरळ बंद करून टाकले होते. फॉइलचे तुकडे आणि सोन्याच्या नाजूक अंगठ्या नेमक्या तिथेच बोलतात. चांदीतून वीज फार सहज वाहते, म्हणून तिचा आकडा वरच्या टोकाला. माझ्या डब्यात चांदी आहे आणि सोनं नाही, यात नशिबाचा वाटा थोडा आणि माझ्या सेटिंगचा जास्त.

तुम्हाला ओल्या वाळूतच फिरायचं असेल तर पैसे साठवून मल्टी फ्रीक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारं मशीन घ्या. पल्स इंडक्शनची (विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारी) मशीनं खाऱ्या वाळूला जुमानत नाहीत, खोलही जातात, पण लोखंड कुठलं नि चांदी कुठली हे त्यांना धड सांगता येत नाही. खिळ्यामागून खिळा उपसण्याची चिकाटी असेल तरच त्या वाटेला जा. आणि स्टीलचा, भोकं असलेला स्कूप पहिल्याच दिवशी घ्या. मी महिनाभर साधं खुरपं वापरलं. ओल्या वाळूत खड्डा खणेपर्यंत लाट येते आणि तो बुजवून जाते.

मशीनपेक्षाही वेळ महत्त्वाची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे सरतं आणि एरवी झाकलेली वाळू मोकळी होते. वादळानंतर लाटांनी वरची मऊ वाळू ओढून नेली असेल तर आणखी बरं. जड वस्तू खाली घट्ट थरावर जाऊन बसतात. शिंपले, गोटे आणि मासेमारीची शिशाची वजनं एका पट्ट्यात दिसली, की मी तिथून हलत नाही. खणायची परवानगी आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

आता चांदी. पहिली अंगठी मिळाली ती कोळशासारखी काळी. घरी येऊन टूथपेस्ट आणि ब्रशने घासली. चकाकली खरी, पण उजेडात धरली तर सगळीकडे बारीक ओरखडे. ते आजही आहेत. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते आणि चांदी मऊ.

दुसऱ्या अंगठीच्या वेळी शहाणपण आलं. आधी रात्रभर गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढलं. मग काचेच्या भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर अंगठी टेकवून, वर दोन चमचे खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. बुडबुडे आले, पाठोपाठ सडक्या अंड्याचा वास. तो वास म्हणजे काम चालू असल्याची खूण. काळा थर चांदी आणि गंधकाचा असतो; अॅल्युमिनियम स्वतः झिजतं आणि त्या थरातली चांदी पुन्हा धातूच्या रूपात तिथेच बसते. खिडकी तेवढी उघडी ठेवा.

कपाटातली चांदी यात मिनिटांत उजळते, समुद्रातली नाही. तिच्यावर क्लोराइडचंही पुट असतं, राखाडी, मेणचट. मला चार फेऱ्या लागल्या. दर वेळी नवी फॉइल, ताजं पाणी, आणि मधे बोटांनी हलकं चोळणं. क्लोराइड अमोनियात विरघळतं हे खरं, पण चांदी विरघळलेला अमोनिया साठवून ठेवला तर पुढे स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, आणि अमोनिया ब्लीचमध्ये मिसळला तर विषारी वायू. मी त्या फंदात पडलो नाही.

मोती, ओपल किंवा चिकटवलेले खडे असले तर हा सोड्याचा उपायही करू नका. मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असेल तर तीही जाते. जुनं नाणं असेल तर नुसतं पाण्यात धुऊन थांबा, चमकवलेल्या नाण्याची किंमत संग्राहक उतरवतात.

कॉइलला मी प्रत्येक फेरीनंतर गोडं पाणी दाखवतो, तिचं कव्हर काढून आतली वाळूही काढतो. ती साचली की खोटे आवाज येतात. तरी सहाव्या महिन्यात हेडफोनच्या पिनेवर हिरवा गंज चढलाच.

चौथ्या फेरीनंतर त्या दुसऱ्या अंगठीच्या आत '925' हा चांदीचा शिक्का (९२.५ टक्के चांदी) दिसला, आणि शेजारी एक तारीख नि दोन अक्षरं. अंगठी सापडल्याचं मी सगळीकडे सांगितलंय. तारीख आणि अक्षरं कोणालाच सांगितलेली नाहीत. जो येऊन ती सांगेल, अंगठी त्याची.