पॅराट्रूपर एक नंबर, पॅराशूट म्हणजे उपडं घातलेलं टोपलं

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका हॉबीच्या दुकानातून १/३५ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा, प्लास्टिक मॉडेलचा किट घेतला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरलेला अमेरिकन पॅराट्रूपर, चर्चच्या छताचा कोपरा अन् त्याला अडकलेलं पॅराशूट, अख्खा सीन एकाच डब्यात, २४०० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे बरंच बोलायचंय.

आधी सैनिकाची फिगर. भाऊ, खरंच भारी आहे. जंप सूटचे तिरके खिसे, गुडघ्या-कोपरांवरची कॅनव्हासची ठिगळं, हनुवटीखालचा हेल्मेटचा कप, पोटावर रिझर्व्ह पॅराशूट, सगळं नीट कोरलंय. अन् बनवणाऱ्याने एक जबरदस्त गोष्ट केली आहे, उजवा हात छातीवरच्या हुकाशी झटापट करताना दाखवलाय, बोटं अर्धी पट्ट्याखाली गेलेली. त्यांच्या टी-५ पॅराशूटच्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, ब्रिटिशांसारखं एका फटक्यात सुटणारं बकल नव्हतं, छातीचा एक अन् पायांचे दोन असे हुक वेगवेगळे सोडवावे लागायचे, मग खालून गोळ्या येवोत नाहीतर काही येवो. हे ज्याला माहीत त्यानेच तो हात बनवलाय.

हा सीन पाहिला की नॉर्मंडीतलं सेंट-मेर-एग्लीझ गाव आठवणारच. ६ जून १९४४ ला अमेरिकेच्या ८२ एअरबोर्न डिव्हिजनचा जॉन स्टील तिथल्या चर्चला अडकला, दोनेक तास मेल्याचं सोंग घेऊन लटकत राहिला, मग जर्मनांनी पकडला अन् पुढे पठ्ठ्या निसटला पण. मग डेकल शीटवर, म्हणजे चिकटवायच्या चिन्हांच्या कागदावर, फक्त दुसऱ्या डिव्हिजनचा, १०१ एअरबोर्नचा गरुड काहून दिला बाप्पा? १०१ चे पण काही जण भरकटून त्या गावात उतरले होते म्हणून सरळ चूक नाही म्हणता येत, पण ८२ चा 'एए' बिल्ला द्यायला काय जात होतं.

आता पॅराशूट. जाड प्लास्टिकचे दोन अर्धे तुकडे, मधे ढळढळीत जोड, पुट्टी भरून घासत बसा. कड मोजली तर १ मिमी, म्हणजे खऱ्यात साडेतीन सेंटीमीटर जाडीचं कापड झालं! दोऱ्यांसाठी भोकं १२, खऱ्या टी-५ ला दोऱ्या २८. रंगाच्या कागदावर पांढरं दाखवलंय, नॉर्मंडीत बहुतेक मुख्य छत्र्या हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजच्या होत्या, पांढरी असायची ती रिझर्व्ह. अन् मेन म्हणजे छताला अडकलेली छत्री फुगलेली कशी राहील, ती तर पडणार ना पसरून.

मी ते प्लास्टिक बाजूला टाकलं अन् जुनी शुक्रवारी भागातून पतंगीचा कागद आणला. हिशोब सोपा आहे, खरी छत्री २८ फूट, १/३५ मध्ये साधारण २४ सेंटीमीटर. तेवढा गोल कापला, २८ भागांच्या घड्या पाडल्या, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून सरळ छतावर सोडला, कौलांवर आपोआप सुरकुत्या पडल्या. उडणारी पाहिजे असेल तर सोळा-सतरा सेंमी तोंडाच्या पालथ्या पातेल्यावर प्लास्टिक ताणून त्यावर चिकटवा. दोऱ्या शिलाईच्याच, न पेटवलेल्या मेणबत्तीवरून ओढून घ्या म्हणजे दोऱ्याचे केस बसतात. माणूस ज्या बाजूला लटकतो तिकडच्याच ताणलेल्या ठेवा, बाकीच्या ढिल्या.

नागपूरच्या मे महिन्यात अॅक्रेलिक ब्रशवरच वाळतं, वाळणं लांबवणारं रिटार्डर लागेलच. अन् हार्डवेअरवाल्याकडचं एनसी थिनर चुकूनही वापरू नका, प्लास्टिक विरघळतं.

खरं तर मला आपल्या सैन्याच्या बांगलादेश युद्धातल्या टांगाईलच्या पॅराशूट उडीचा किट पाहिजे आहे, ११ डिसेंबर १९७१, पुंगली पूल, २ पॅरा बटालियन, अन् ती मुळातली मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच बटालियन. आपल्या दुकानांत तरी असा किट अजून दिसला नाही.

फिगर अन् छतासाठी साडेतीन स्टार. १५००-१६०० ला सुटत असेल तर डोळे मिटून घ्या, २४०० ला घासाघीस करा, अन् दुकानातच डबा उघडून रायफलची नळी बघा, माझ्यात वाकडी निघाली अन् बदलून द्यायला मालक काही तयार नव्हता.