गोसीच्या बुडीत पाण्यावर पाच एचपीचं इंजिन: हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

आमचं गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्राच्या काठावर. मागच्या दिवाळीनंतर आमच्या फायबरच्या बोटीला पाच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन लावलं. आता पाऊस लागला, जाळी वर काढून ठेवली, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. होंडा, सुझुकी, यामाहा या तिघांचीही या ताकदीची इंजिनं येतात आणि निगा जवळपास सारखीच लागते, त्यामुळे कोणतंही घेतलं तरी हे कामी येईल.

घाटावर सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात: पाचच का, दहाचं का नाही घेतलं? गोसीचं पाणी वरून सपाट दिसतं, पण खाली शेतं आहेत, बांध आहेत, झाडं आहेत. धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. पुढे पाणी भरत गेलं तशी कितीतरी झाडं जागीच बुडाली, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांचे खुंट हातभर पाण्याखाली येऊन उभे राहतात. "दमानं घे बापू, खाली आंब्याचे खुंट हायेत," हे आमच्या ढिवर काकांचं वाक्य मला माहितीपत्रकातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. अशा पाण्यात वेग मिळाला तरी वापरायचा कुठे? शिवाय पाचचं इंजिन पंचवीस-सत्तावीस किलोचं, एकटा माणूस काढून घरी नेतो. दहाचं चाळीसच्या आसपास जातं, आणि रात्री घाटावर सोडायची सोय नाही.

नेताना मात्र एक पाळा. फोर-स्ट्रोक इंजिन वाटेल त्या कुशीवर आडवं टाकायचं नसतं. कोणती बाजू खाली ठेवायची ते पुस्तकात दिलेलं असतं, बऱ्याचदा इंजिनावरच छापलेलं असतं. उलट्या बाजूला पडलं की ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. ऑटोत टाकणाऱ्या पोरालाही हे सांगून ठेवा.

शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणारा दांडा, निवडताना बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजून घ्या. 15 इंचाच्या फळीला शॉर्ट, 20 इंचाच्या फळीला लाँग. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यायला हवी. आमच्याकडे काहींनी दुकानात मिळालं म्हणून लाँग शाफ्ट आणलं. त्यांचा पंखा विनाकारण खोल चालतो आणि खुंट आधी त्यांनाच लागतो.

खुंट लागला तर काय? माझ्या इंजिनात पंख्याला शिअर पिन आहे. पंखा आदळला की ही छोटी पिन तुटते आणि आतले गियर वाचतात. इंजिन जोरात ओरडतंय पण बोट जागची हलत नाही, म्हणजे पिन गेली समजा. इंजिन बंद करा, वर उचला, प्लगची वायर काढा, मग स्प्लिट पिन आणि नट काढून नवी पिन घाला. पाण्यावरच होणारं काम आहे. फक्त पिनेच्या जागी लोखंडी खिळा घालू नका. खिळा तुटत नाही, मग गियरच तुटतो, आणि तो खर्च हंगामाची कमाई खाऊन जातो.

पण खुंटापेक्षाही मोठा शत्रू निघाला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा. मार्चमध्ये गियर ऑइल काढायला खालचा स्क्रू उघडला तर दूध घातलेल्या चहासारखं ऑइल बाहेर आलं. पाणी आत गेल्याचीच ती खूण. पंखा काढून पाहिलं, तर शाफ्टभोवती तंगूसचे फेरे इतके घट्ट बसलेले की वितळून त्याचं कडं झालं होतं, आणि त्या कड्यानं मागचं सील कापलं होतं. पाण्यावर जुन्या जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात, ते दिसतही नाहीत. ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याच्याकडे सील नव्हतं, बाहेरून मागवावं लागलं, आणि तोवर आम्ही पुन्हा वल्ह्यावर. तेव्हापासून दर आठवड्याला पंखा काढून मागे हात फिरवतो. गियर ऑइल भरताना खालच्या छिद्रातून भरा, वरच्यातून यायला लागेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही.

तिसरा त्रास जलपर्णीचा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, त्यावर ती पोसते. ती पंख्यात गुंतते, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत ओढलं जातं त्या जाळीवर तिची मुळं बसतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर कायम नजर ठेवा. धार थांबली की तिथल्या तिथे बंद करा. पंख्यात गुंतलेला पाला आधी रिव्हर्स देऊन झटकून पाहावा, नाहीच गेला तर इंजिन बंद करून हातानं काढावा. हे पाणी ओढणारं पंपातलं चाक, म्हणजे इम्पेलर, रबराचा असतो, पाण्याबाहेर इंजिन चालवलं तर पाहता पाहता जळतो. घरी चालू करून पाहायचं असेल तर ड्रममध्ये, ती आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी भरूनच.

इंजिन ऑइल पहिल्यांदा 20 तासांनी बदललं, पुढे 100 तास किंवा सहा महिने. पेट्रोल अर्ध्या थ्रॉटलवर तासाला लिटरच्या आसपास जातं, माझी काही तक्रार नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून पावसाळ्याआधी नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवलं.

गळवाली पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या बास मासा पकडायच्या बोटी पाहतात, दीड-दोनशे एचपीच्या. त्यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे पुढे लावलेली बॅटरीवरची छोटी मोटर. गवतात दबा धरून बसलेल्या मरळीजवळ आवाज न करता जायला ती खरंच छान. पण 55 पौंड थ्रस्टची मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासाची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटली तर दीड तास. जाळ्याच्या फेरीला ती पुरत नाही.

इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय मी इंजिन चालू करायची दोरी ओढत नाही, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बोटीत घेत नाही. मे महिन्यात दुपारनंतर वारा कसा उठतो ते इथल्या सगळ्यांनी पाहिलं आहे.

घेणाऱ्यांनी पिना, पंख्यामागचं सील, इम्पेलर आणि एक जास्तीचा प्लग बिलासोबतच घ्यावा. देत नसेल तर दुसरं दुकान पाहावं. आणि ज्यांची मासेमारी गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातच आहे, त्यांनी हा खर्च करूच नये. तिथे डोंगा आणि वल्हं पुरतं.