53,100 रुपयांचं ध्येय : कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी घेतलेलं शिबिर

आधी बिल सांगते. शिबिराचे 45,000, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 8,100. एकूण 53,100. ट्रेनरच्या राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. एवढ्या पैशांत आमच्या जिमखान्याचे तीन वर्षांचे बॉल, दोन जोड जाळ्या आणि पोत्यानं फक्की आली असती, हे मी जिमखाना समितीच्या मीटिंगमध्ये बोललेही होते. पण प्राचार्यांच्या मनात बसलं होतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आदल्या वर्षी विद्यापीठाच्या झोन स्पर्धेच्या पहिल्याच मॅचमध्ये आम्ही 0-7 हरलो होतो. त्याच्या आदल्या वर्षी तर मॅचच्या सकाळी आठच पोरं जमली, म्हणून संघ उतरलाच नाही.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. फुटबॉलचा इनचार्ज माझ्याकडे आला तो स्टाफरूममधल्या एका वाक्यामुळे: "मॅडम, तुम्ही कोल्हापूरच्या ना?" माहेर कोल्हापूर, हे खरं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर असले की आमच्या घरी त्या दिवशी चूल दुपारीच विझायची, हेही खरं. पण म्हणून मला संघ चालवता येतो असं होत नाही. सांगलीतून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, फुटबॉलच्या बाबतीत मात्र दुसरा देश. तिथलं पोरगं तालमीच्या दारात चालायला शिकतं. अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तो कोल्हापूरचाच. इकडे आमच्या जिल्ह्याची नावं घ्यायची तर कवठेपिरानचे पैलवान मारुती माने, नाहीतर आपली स्मृती मानधना. कुस्ती आहे, कबड्डी आहे, क्रिकेट आहे. फुटबॉल म्हणजे बाकी कशात नंबर लागला नाही की येणारा खेळ. आणि विद्यापीठ एकच असल्यामुळे विजेता व्हायचं तर कधीतरी त्या कोल्हापूरकरांना हरवावंच लागणार.

तर हे शिबिर. कंपनी पुण्याची, नाव देत नाही, कारण वाद घालायचा नाहीये. "संघाची उद्दिष्टनिश्चिती" असं त्यांचं पॅकेज: दोन दिवस प्रत्यक्ष, एका सराव सामन्याचं व्हिडिओ विश्लेषण, आणि पुढे बारा आठवडे फोनवरून पाठपुरावा.

पहिला दिवस जुलैतला. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं हे दर तासाला मोबाईलवर बघायचे दिवस. 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि 2019 चा महापूर अनुभवलेला माणूस तीस फुटांपासूनच कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करायला लागतो. ट्रेनर सर आले ते पांढरेशुभ्र बूट घालून. आमचं मैदान काळ्या मातीचं. मी काही बोलले नाही.

सकाळी एव्ही हॉलमध्ये प्रत्येकाला पिवळी चिठ्ठी दिली आणि "तुमचं सगळ्यात मोठं ध्येय लिहा" म्हणाले. चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या. मी सगळ्या वाचल्या. "विद्यापीठ चॅम्पियन" सहा जणांनी. "इंडिया" दोघांनी. "मेस्सी", एवढंच, एकानं. "पीएसआय" एकानं, त्यावर सगळे हसले, तोही हसला. "मॅच संपेपर्यंत पायात गोळे न येणे" हे आमच्या स्टॉपरचं, म्हणजे मधल्या बचावपटूचं. आणि एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात फक्त "बूट".

ट्रेनरनी ती चिठ्ठी काढून बाजूला लावली. "ही गरज आहे, ध्येय नाही. आपण मोठा विचार करू." ज्यानं लिहिली होती त्यानं मान खाली घातली. डावीकडून पळणारा पोरगा, कुपवाडहून सायकलनं येतो, भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घालतो. माझ्या हिशेबात त्या हॉलमधलं सगळ्यात नेमकं ध्येय तेच होतं. किंमत माहीत, तारीख ठरवता येते, पूर्ण झालं की नाही हे कुणालाही दिसतं. पण ते भिंतीवरून खाली आलं.

मग प्रोजेक्टरवर अमेरिका. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा संघ, प्रशिक्षक बिल स्नायडर. 1988 साली देशातला सगळ्यात वाईट संघ, 1998 साली 11 विजय. टाळ्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्ये तर बॉल हातात घेऊन पळायलेत." ट्रेनर हसून म्हणाले, हा अमेरिकन फुटबॉल, खेळ वेगळा आहे, मानसिकता तीच. ठीक आहे.

पण मला सवय वाईट आहे. दोन ताळेबंदांच्या मधली वर्षं कुणी दाखवली नाहीत की मला झोप येत नाही. रात्री घरी बसून बघितलं. 1987 आणि 1988 या दोन मोसमांत त्या संघानं एकही सामना जिंकला नव्हता. 1989 ला स्नायडर आले, आणि त्या वर्षाचा निकाल काय? एक विजय, दहा पराभव. तो एक विजयसुद्धा शेवटच्या क्षणी, नॉर्थ टेक्सासविरुद्ध, 20-17. पुढच्या वर्षी पाच विजय, 1991 ला सात. हंगामानंतर खेळवतात तो "बोल" सामना त्या विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा जिंकला तो 1993 मध्ये. आमच्या पोरांना ही मधली वर्षं दाखवायला हवी होती. "पहिल्या वर्षी एक मॅच" हे 0-7 हरलेल्या पोराला समजतं. "1988 ते 1998" हे त्याला सिनेमासारखं वाटतं, आणि सिनेमा संपला की तो घरी जातो.

स्नायडर यांची सोळा ध्येयंसुद्धा हॉलमध्ये लावली होती. मराठी भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे; "स्वतःला मर्यादा नसणे" आणि "चुका नष्ट करणे" अशा भाषेत. पण ती यादी नीट वाचली तर तिच्यात कुठलाही कप नाही, कुठलंही साल नाही, किती सामने जिंकायचे तेही नाही. बांधिलकी, एकी, रोज थोडी सुधारणा, सातत्य, हार न मानणं, जिंकायची अपेक्षा ठेवणं, असलं सगळं आहे. त्या यादीच्या बरोबर शेजारी आमच्या कंपनीनं स्वतःचा फ्लेक्स लावला: "मिशन 2028 : विद्यापीठ विजेते". दहा बाय चार फूट. आमच्या संघाचा ग्रुप फोटो, त्यात बारा पोरं, बारावा मुळात खो-खोचा, फोटोपुरता उभा केलेला. प्राचार्य खूश. दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स गेटवर गेला.

शिवाय तिकडच्या मोठ्या कॉलेजांच्या संघांना कितीतरी वर्षं 85 खेळाडूंपर्यंत शिष्यवृत्ती देता यायची. आमच्याकडे सरावानंतर दोन केळी आणि उकडलेलं अंडं चालू ठेवायचं म्हणून मी दर महिन्याला व्हाउचर फिरवते.

दुसरा दिवस मैदानावर होता. पाऊस थांबला होता, चिखल थांबला नव्हता. पांढऱ्या बुटांचं काय झालं ते सांगत नाही. ट्रेनर सर मात्र कुरकुर न करता पूर्ण दीड तास चिखलात उभे राहिले, हे लिहिलंच पाहिजे. माणूस वाईट नव्हता. विकत होता ती वस्तू अर्धी होती.

आता चांगली बाजू. पॅकेजमधला व्हिडिओवाला पोरगा. विशी-बाविशीचा, फार बोलत नव्हता. ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या एका कॉलेजशी सराव सामना ठरवला, तेव्हा हा सायन्स बिल्डिंगच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून नव्वद मिनिटं छत्री धरून बसला. आम्ही 0-4 हरलो. आठवड्यानं त्यानं जे पाठवलं ते दोन पानांचं होतं, आणि 53,100 मधले जे काही वसूल झाले ते त्या दोन पानांत.

त्यात दोन गोष्टी होत्या. चारपैकी तीन गोल 65 व्या मिनिटानंतर झालेले. आणि आमच्या गोलरक्षकानं मारलेल्या 19 गोलकिकपैकी (बॉल गोलरेषेबाहेर गेला की गोलसमोरून मारतात ती किक) 16 थेट समोरच्यांच्या पायात किंवा डोक्यावर. म्हणजे आम्ही सोळा वेळा बॉल स्वतःहून देऊन टाकला आणि मग तो परत मिळवायला धावलो, आणि धावून धावून 65 व्या मिनिटाला संपलो. मी वीस वर्षं खतावण्या तपासतेय, पण गळती कुठं आहे हे इतकं स्वच्छ दाखवणारं पान क्वचित बघितलंय.

खाली एक ओळ होती: गोलकिक जवळ द्या. मी गोलरक्षकाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, बॉल बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय आपला डिफेंडर हात... पाय लावू शकत नाही ना." बॉक्स म्हणजे गोलसमोरची आखलेली मोठी चौकट. आम्हा सगळ्यांचा तोच समज. नियम 2019 मध्ये बदललाय. आता किक मारून बॉल स्पष्ट हलला की खेळ सुरू. आपला खेळाडू बॉक्सच्या आतच तो घेऊ शकतो, आणि तोवर समोरच्यांनी बॉक्सबाहेर थांबायचं. इतकी वर्षं आम्ही हा फुकटचा नियम वापरत नव्हतो. मोबाईलवर माहेरी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "व्हय? मग आमच्या टायमाला का नव्हतं ह्ये?" आणि फोन आईकडे दिला.

65 व्या मिनिटाचं काय करायचं? इथं कंपनीचा काही उपयोग झाला नाही. झाला तो पोलीस भरतीचा. आमची निम्मी पोरं भरतीची तयारी करतात. पहाटे त्याच मैदानावर 1600 मीटर मारतात आणि दुपारी फुटबॉलला दमलेत म्हणून येत नाहीत. मी सराव पहाटे नेला. आधी 1600 मीटर, हातात घड्याळ, भिंतीवर कागद. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं की भरतीत 20 पैकी 20 गुण, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. मग लगेच बॉल. "पीएसआय" लिहिलेला पोरगा एकही दिवस चुकला नाही. हजेरी नऊवरून पंधरावर गेली, आणि ती विद्यापीठ विजेतेपदासाठी गेली नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

पाठपुराव्याबद्दल थोडक्यात. बारा फोन ठरले होते, चार आले. नंतर "हाय चॅम्प्स" असं सुरू होणारे मेसेज आणि एक लिंक. लिंकवर प्रश्न: आज तुम्ही ध्येयाकडे किती टक्के पुढे गेलात? खाली सरकवायची पट्टी. सगळी पोरं रोज शंभरवर ओढायची. गोलरक्षक तेवढा 3 टाकायचा. त्याला कंपनीकडून "तुमचा आत्मविश्वास वाढवूया" असा मेसेज आला. त्या आठवड्यात 18 पैकी 11 गोलकिक आमच्याच माणसाकडे गेल्या होत्या, मी स्वतः काठावर रेघा मारून मोजल्या होत्या. पट्टीवर ते कुठं दाखवायचं?

सप्टेंबरात झोन. पहिल्या मॅचला 1-3 हरलो. आमचा एक गोल समोरच्या डिफेंडरनं स्वतःच्या जाळ्यात मारला, तेव्हा त्याचं श्रेय फार घेत नाही. पण त्यांचे तिन्ही गोल पहिल्या अर्ध्या तासातले. उत्तरार्धात एकही नाही. नव्वदाव्या मिनिटाला आमचा स्टॉपर पळत होता, गोळे न येता. घरी येताना बसमध्ये पोरं गात होती, आणि प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "मग मिशनचं काय?"

बूट घेतले. जिमखान्याच्या पैशांतून नाही, ते व्हाउचर बसलं नाही. स्टाफरूममध्ये पाकीट फिरवलं. नऊ नंबर.

तुमच्या कॉलेजचा संघ आमच्यासारखा असेल आणि असली कंपनी दारात आली, तर पूर्ण पॅकेज घेऊ नका. सामन्याचं विश्लेषण सुटं मागा. आधी "आमच्याकडे सुटं नसतं" म्हणतात, दुसऱ्यांदा विचारलं की 12,000 सांगतात, मलाही तेच सांगितलं, फक्त पैसे भरून झाल्यावर. कोणती तीन वर्षं ते गाळून दाखवतायत हे बघा. फ्लेक्सचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का हे विचारा. आमचे 2,400 वेगळे लागले. पाचपैकी माझे अडीच तारे, त्यातले दोन गच्चीवरच्या पोराचे.

मागच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण, दहा टक्के सूट. मी विचारलं, व्हिडिओला तोच मुलगा येईल का? म्हणाले, त्यानं नोकरी सोडली मॅम, पण आमची सिस्टीम तीच आहे. मी बघून कळवते म्हटलं.

त्या पोराचा नंबर माझ्याकडे आहे. ऑगस्टमध्ये गच्चीवर चहा नेऊन दिला तेव्हा घेतला होता.